संदर्भसूचीतलं मांजर

पशुवैद्यकीचा शोधनिबंध लिहून झाला, तक्ते बसले, निष्कर्ष गाईडना पटले, की उरते ती संदर्भसूची. शेवटच्या रात्रीसाठी ठेवून दिलेलं काम. स्वल्पविराम इथे की तिथे, आडनाव आधी की आद्याक्षरं, साल कंसात की उघडं? पण या चिन्हांच्या मागे एक गोगलगाय आहे, एक सयामी मांजर आहे, आणि कधी जन्मालाच न आलेला, तरी पन्नास वर्षं वैद्यकीय ग्रंथांतून वावरलेला एक डॉक्टर आहे. त्यांची ओळख झाली की यादी करण्याची रात्र बरी जाते.

गोगलगायीची देणगी

कंसात लेखकाचं नाव आणि साल लिहायच्या पद्धतीला सगळे ‘हार्वर्ड’ म्हणतात. तिचा माग काढत गेलं की १८८१ सालचा एक निबंध हाती लागतो. लेखक एडवर्ड लॉरेन्स मार्क, हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ. विषय लायमॅक्स कॅम्पेस्ट्रिस, म्हणजे पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. तिचं अंडं पक्व कसं होतं, फळतं कसं आणि विभागतं कसं. हे सांगता सांगता मार्क यांनी एका लेखकाच्या नावापुढे कंसात साल टाकलं आणि तळटीपेत वाचकाला खुलासा केला. हा आकडा दोन कामं करतो, शेवटच्या यादीतली नोंद दाखवतो आणि ते काम साधारण कधीचं आहे हेही सांगतो.

पशुवैद्यकीत या दुसऱ्या कामाचं मोल फार आहे. एखाद्या जंतनाशकाच्या मात्रेपुढे १९७४ दिसलं की वाचणारा सावध होतो, कारण तेव्हापासून जंतही बदलले आहेत आणि औषधंही. पान न उलटता, यादी न चाळता ही जाणीव होते. म्हणून मला ही पद्धत आवडते. इंडियन जर्नल ऑफ अॅनिमल सायन्सेसने तीच ठेवली आहे.

संपादकांची जानेवारीतली बैठक

दुसरा मोठा पंथ आकड्यांचा. जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक अनौपचारिकपणे जमले. आपल्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांचा साचा एकच असावा, एवढाच विषय. पुढच्याच वर्षी नियम छापून आले आणि संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने बांधून दिला. त्या बैठकीचा गट वाढत वाढत वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाला. शहराचं नाव मात्र पद्धतीला चिकटलं ते कायमचं.

इथे मजकुरात फक्त आकडा येतो. कधी कंसात, कधी चौकटी कंसात, तर कधी ओळीच्या डोक्यावर बारीक. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचं जर्नल असाच बारीक आकडा वापरतं. यादी वर्णानुक्रमे लागत नाही, मजकुरात जो आधी आला तो एक नंबर. वाचायला ओघवतं, लिहिणाऱ्याला जिकिरीचं. रिव्ह्यूअरने दुसऱ्या परिच्छेदात एक संदर्भ वाढवायला सांगितला, की पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. संगणकापूर्वी हे हाताने करत.

नमुना म्हणून पशुवैद्यकीतलीच एक गाजलेली नोंद घेऊ. व्हँकुव्हर साच्यात, देवनागरीत, ती अशी दिसेल:

व्हिटनी डब्ल्यूओ, मेलहाफ सीजे. हाय-राइज सिंड्रोम इन कॅट्स. ज ॲम व्हेट मेड असोक. १९८७;१९१(११):१३९९-४०३.

किती कमी जागेत किती माहिती! आद्याक्षरांत टिंब नाही. सालानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक, विसर्गचिन्हानंतर पानं. शेवटच्या पानाचा पहिला आकडाही गाळला आहे, १४०३ न लिहिता नुसतं ४०३. यातलं एकही चिन्ह शोभेचं नाही. अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम पडला तरी माणूस समजून घेतो, पण याद्या वाचणारी यंत्रं खंडालाच साल समजू शकतात.

गगनचुंबी मांजरं

या नोंदीतलं संशोधनही सांगायलाच हवं. न्यूयॉर्कच्या अॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली, त्यांचा हा अभ्यास. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. सातव्या मजल्याच्याही वरून पडलेल्या मांजरांना त्या मानाने कमी इजा झाल्याचं लेखकांना दिसलं. बातमी जगभर गेली आणि ‘मांजर जितक्या उंचावरून पडेल तितकं सुखरूप’ असं रूप घेऊन हिंडू लागली.

मूळ निबंध उघडला की आकडा कुठून आला ते कळतं. दवाखान्यात आणलेलीच मांजरं मोजली आहेत. जागेवरच गेलेल्या मांजराला कोण दवाखान्यात नेणार? हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. म्हणजे यादीतली नोंद अचूक, खंड-पान सगळं बरोबर, तरी तिच्या आधाराने केलेलं विधान मूळ लेखापेक्षा मोठं होऊ शकतं. संदर्भाचं काम एकच आहे, वाचणाऱ्याला मूळ कागदापर्यंत नेणं. ते नीट झालं तर अशी विधानं पकडता येतात.

ज, व्हेट, ॲम आणि टियरएर्झ्ट्ल

जर्नलांची नावं कशी तोडायची यालाही आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४. कोणता शब्द कुठे कापायचा याची यादी पॅरिसच्या आयएसएसएन केंद्राकडे असते. नियम मजेशीर आहेत. नाव एकाच शब्दाचं असेल तर ते कापायचंच नाही, म्हणून ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ पूर्णच लिहितात. ‘ऑफ’, ‘अँड’, ‘द’ गळतात. ‘जर्नल’चा नुसता ‘ज’ उरतो.

पशुवैद्यकी वाचणाऱ्याला या यादीत जर्मन मंडळी हमखास भेटतात. ‘बर्लिनर उंड म्युन्शनर टियरएर्झ्टलिशे वोखेनश्रिफ्ट’ हे नाव यादीत ‘बर्ल मुन्श टियरएर्झ्टल वोखेनश्र’ एवढं आकसतं, आणि तरीही ओळीला पुरून उरतं. नावाचा अर्थ, बर्लिन आणि म्युनिकचं पशुवैद्यकीय साप्ताहिक. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपोर्टचं नाव मात्र न कापता तसंच ठेवतात, गावाचं नाव आहे ते.

डॉ. ओ. उप्लाविसी, मुक्काम पोस्ट प्राग

आता तो न जन्मलेला डॉक्टर. १८८७ साली प्रागचे विकृतिशास्त्रज्ञ यारोस्लाव ह्लावा यांनी चेक भाषेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय आमांश. त्यांनी आमांशाच्या रुग्णांचा मल मांजरांना आणि कुत्र्यांना देऊन रोग संक्रमित होतो का ते पाहिलं होतं. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांत तो फार सुरुवातीचा, त्यामुळे पुढच्या लेखकांना त्याचा उल्लेख करणं भागच होतं.

चेक मात्र फारच थोड्यांना वाचता येई. लेखाची ओळख युरोपला झाली ती एका जर्मन सारांशातून. तो लिहिला होता इजिप्तमध्ये काम करणाऱ्या स्टेफानोस कार्टुलिस या ग्रीक डॉक्टरांनी. चेक लेखाच्या डोक्यावर शीर्षक होतं ‘ओ उप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. सारांशात हेच शीर्षक लेखकाचं नाव होऊन बसलं. ओ. हे आद्याक्षर, उप्लाविसी हे आडनाव!

मग सुरू झाली नकलेची साखळी. एकाने सारांशावरून नाव उतरवलं, दुसऱ्याने पहिल्याच्या यादीवरून, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. उप्लाविसी यांची कीर्ती पसरली आणि बिचारे ह्लावा स्वतःच्याच कामाच्या श्रेयाला मुकले. पन्नास वर्षांनी क्लिफर्ड डोबेल या ब्रिटिश प्रोटोझोआतज्ज्ञाने मूळ चेक लेख मिळवून पाहिला आणि हा घोळ उघड केला. १९३८ साली ‘पॅरासिटॉलॉजी’ या जर्नलात त्यांनी लेख लिहिला. शीर्षकात डॉक्टरांचं नाव आणि पुढे कंसात जन्म-मृत्यूची सालं, १८८७ ते १९३८. मृत्युलेखाच्या थाटातलं शीर्षक, आणि तेही पुराव्यानिशी.

या गोष्टीतून एक साधी सवय उचलता येते. मूळ लेख हातात आला नसेल आणि सारांशावरून किंवा दुसऱ्याच्या उल्लेखावरून लिहिणं भाग असेल, तर तसं स्पष्ट लिहावं. ‘अमुक यांनी उद्धृत केलेले तमुक’ अशी नोंद बहुतेक पद्धतींना मान्य आहे. कार्टुलिस यांच्या सारांशावरून लिहिणाऱ्यांनी हे केलं असतं, तर चूक एका सारांशापुरतीच राहिली असती.

छपाईची चूक सगळं सांगते

नकलेची ही खोड मोजताही येते. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन अमेरिकी संशोधकांनी २००३ साली एक नामी युक्ती केली. त्यांनी खूप गाजलेला एक निबंध निवडला, त्याचे सुमारे ४३०० उल्लेख तपासले आणि त्यातल्या छपाईच्या चुका वेचल्या. १९६ ठिकाणी चूक सापडली, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक तर ७८ याद्यांत जशीच्या तशी! इतक्या लोकांच्या हातून नेमका तोच आकडा सुटणं शक्य नाही. तो एकमेकांवरून उतरलेला. यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी पाचातला साधारण एकच जण मूळ निबंध वाचतो.

चुकीचं पान निदान खऱ्या निबंधाचं होतं. निबंधच नसेल तर? एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेच्या लेखक-मार्गदर्शिकांत संदर्भाचा नमुना म्हणून एक नोंद दिलेली असे. व्हॅन डर गीर आणि इतर, २०००, ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’, ‘जर्नल ऑफ सायंटिफिक कम्युनिकेशन्स’. पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीही ती पाहिली असेल, कारण या संस्थेची पशुवैद्यकीय जर्नलंही बरीच आहेत. तो निबंध नाही, ते जर्नलही नाही. नुसता नमुना. पण लेखकांनी साच्याची फाईल घेतली, तिच्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ पुसायला विसरले. लायडन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या ते ध्यानात आलं आणि २०१७ साली गोष्ट सर्वांसमोर आली. तोवर सुमारे ४०० निबंधांनी या नसलेल्या लेखाचा उल्लेख केला होता. त्यातले बरेचसे परिषदांच्या कार्यवृत्तांतले, जिथे यादी तपासायला कोणी बसत नाही.

आता त्यात भर पडली आहे ती चॅटबॉटची. हा यंत्रलेखक खऱ्या लेखकांची नावं, खरं जर्नल आणि पटण्याजोगं शीर्षक जोडून नसलेला निबंध सहज रचतो. साचा इतका बिनचूक असतो की फक्त नजरेने ते ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद उघडून पाहणं हे आता सौजन्य राहिलेलं नाही, ती गरज झाली आहे.

लेखक: एक मांजर, एक कुत्री, एक हॅमस्टर

प्राण्यांवरचे निबंध असंख्य. प्राण्यांचे निबंध थोडे, पण खरे आहेत.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली हीलियम-३ वर एक निबंध लिहिला. एकट्याने लिहिलेला, पण सगळीकडे ‘आम्ही’. एका सहकाऱ्याने सुचवलं की ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ चालवून घेणार नाही. निबंध टंकयंत्रावर पूर्ण झालेला, पुन्हा टाइप करायचा म्हणजे सगळाच. हेदरिंग्टन यांनी दुसरा लेखक जोडला, एफ. डी. सी. विलार्ड. एफ. डी. म्हणजे फेलिस डोमेस्टिकस, सी. म्हणजे चेस्टर, आणि विलार्ड हे चेस्टरच्या वडिलांचं नाव. चेस्टर हे त्यांचं सयामी मांजर. निबंध छापून आला आणि काही प्रतींवर विलार्ड यांची सही म्हणून पंजाचा ठसाही उमटला. १९८० मध्ये फ्रेंचमधल्या ‘ला रशेर्श’ मासिकात तर विलार्ड एकटेच लेखक म्हणून छापले गेले.

वडिलांचं नाव आडनावाच्या जागी! मराठी माणसाला यात काही वावगं वाटणार नाही.

रोगप्रतिकारशास्त्रातल्या पॉली मॅट्झिंगर यांना कर्मणी प्रयोग आवडत नसे आणि नवख्या संशोधकाने ‘मी’ लिहिणं धाडसाचं वाटे. त्यांना ‘आम्ही’ हवं होतं. १९७८ साली ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’मधल्या निबंधावर दुसरं नाव आलं गॅलाड्रिएल मिर्कवुड, म्हणजे त्यांची अफगाण हाउंड कुत्री. आंद्रे गाइम यांनी २००१ साली ‘फिजिका बी’मध्ये लेखक म्हणून एच. ए. एम. एस. टेर टिशा यांना घेतलं. आद्याक्षरं आणि ‘टेर’ जोडून वाचलं की हॅमस्टर होतं, टिशा हे त्याचं नाव. गाइम यांना पुढे २०१० चं नोबेल मिळालं. त्याआधी २००० साली चुंबकाच्या जोरावर बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल इग-नोबेलही मिळालं होतं.

विलार्ड यांचा निबंध उद्धृत करायचा तर त्यांचं नाव गाळता येत नाही. यादीत ‘हेदरिंग्टन जेएच, विलार्ड एफडीसी’ असंच येणार, कारण छापलं तेच लिहायचं असा यादीचा दंडक. आज मात्र चेस्टरला प्रवेश मिळाला नसता. संपादकांच्या समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. २०२३ मध्ये समितीने स्पष्ट केलं की चॅटबॉटलाही लेखक करू नये, कारण जबाबदारी त्याला घेता येत नाही.

पाच हजार जणांचा निबंध

लेखक सहापेक्षा जास्त झाले की व्हँकुव्हरमध्ये पहिले सहा लिहून ‘एट अल’, म्हणजे ‘आणि इतर’. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सहापर्यंत सगळे, सातवा आला की पहिले तीनच. मानसशास्त्रज्ञांची एपीए पद्धत उदार, तिच्या सातव्या आवृत्तीत वीस जणांपर्यंत पूर्ण यादी. म्हणजे एकच निबंध एका जर्नलात सहा नावांचा, दुसऱ्यात तिघांचा. चौथ्या ते सहाव्या लेखकाचं नाव दिसणार की नाही हे जर्नल ठरवतं!

२०१५ साली एक विक्रम झाला होता. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५१५४ लेखक. एकूण ३३ पानं, त्यातली संशोधनाची नऊ, संदर्भ धरून. उरलेली २४ पानं फक्त लेखकांची नावं आणि त्यांच्या संस्था.

पवार एस. आर. कोणते?

आपल्याकडे अडचण उलट आहे. आडनावं ठरावीक, आद्याक्षरं दोन. पवार, जाधव, पाटील, देशमुख यांना एस. आर. किंवा ए. बी. लावलं की एकाच नावाखाली अनेक संशोधक एकत्र होतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं निम्मं काम दुसऱ्याच नावावर राहतं. तमिळ नावात आडनावच नसतं, आइसलँडमध्ये नावानेच हाक आणि नावानेच नोंद, स्पेनमध्ये आडनावं दोन. यादीचे सगळे साचे मात्र ‘एक आडनाव, मग आद्याक्षरं’ असं धरून चालतात.

यावर २०१२ मध्ये उपाय आला, ऑर्किड. संशोधकाला सोळा अंकांचा कायमचा क्रमांक. शेवटचा अंक तपासणीचा असतो, आधीच्या पंधरांवरून काढलेला, त्यामुळे टाइप करताना चुकलं की यंत्राला लगेच कळतं. हिशेबात दहा आलं तर तिथे रोमन एक्स बसतो. पहिला निबंध पाठवण्याआधी हा क्रमांक काढून घ्यावा, फुकट आहे, आणि नाव कायम एकाच पद्धतीने लिहावं.

संस्था तीच, पाटी नवी

जुने पशुवैद्यकीय संदर्भ शोधताना संस्थांची नावं चकवतात. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था घ्या. ती सुरू झाली पुण्यात, ९ डिसेंबर १८८९ रोजी, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने. १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली, कारण भयंकर संसर्गजन्य रोगांवर काम करायला वस्तीपासून दूरची, थंड जागा हवी होती. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे जाऊन आले. पुढे नावात ‘इंपीरियल’ राहिलं पण ‘बॅक्टेरिऑलॉजिकल’ गेलं, स्वातंत्र्यानंतर ‘इंडियन’ आलं. संदर्भात कोणतं नाव द्यायचं? प्रकाशनाच्या वेळी जे होतं ते. जुन्या अहवालाला आजचं नाव दिलं तर ग्रंथालयात तो सापडत नाही.

जर्नलांचंही तसंच. १८७७ साली सुरू झालेलं ‘अमेरिकन व्हेटर्नरी रिव्ह्यू’ १९१५ पासून अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचं जर्नल झालं. आपलं ‘इंडियन जर्नल ऑफ अॅनिमल सायन्सेस’ १९३१ साली निघालं तेव्हा ‘इंडियन जर्नल ऑफ व्हेटर्नरी सायन्स अँड अॅनिमल हजबंड्री’ होतं.

पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेने तर अलीकडेच सगळ्यांना कामाला लावलं. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी एक कार्यालय स्थापलं, ते ओआयई. मे २०२२ पासून त्याचं संक्षिप्त नाव डब्ल्यूओएएच. त्यामुळे एकाच निबंधात ‘ओआयई, २०१८’ आणि ‘डब्ल्यूओएएच, २०२३’ असे दोन संदर्भ असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. नाव-सालाच्या यादीत त्यांच्यामध्ये बरंच अंतर पडतं.

खोकीभर कार्डं

इंग्लंडहून आलेले पशुवैद्य अल्बर्ट हॅसल अमेरिकेच्या कृषी खात्यात नोकरीला लागले आणि परजीवींवरच्या प्रत्येक लेखाचं एकेक कार्ड करत गेले. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स त्यांच्या जोडीला होते. १९०२ ते १९१२ या काळात ही लेखकवार सूची ३६ भागांत छापली गेली, ‘वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय प्राणिशास्त्राची सूची’. जंतांवर काम करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी जुनं साहित्य तिच्या आधाराने शोधलं. दोघांच्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी वेचलेलं प्रत्येक कार्ड पुढच्या संशोधकाचे दिवस वाचवणारं होतं.

आज तेच काम झोटेरोसारखी मोफत प्रणाली करते. तिच्या मागे असलेल्या साच्यांच्या खजिन्यात दहा हजारांहून जास्त जर्नलांच्या शैली आहेत. जर्नल बदललं, शैली निवडली, यादी बदलली. २०१९ पासून मागे घेतलेला निबंध यादीत असेल तर ती लाल पट्टी दाखवून इशाराही देते. निबंधाला मिळणारा डीओआय हा ‘१०’ने सुरू होणारा क्रमांक प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी तोच राहतो. तरी डोळे मिटून विसंबू नये. प्रणाली जंतूचं शास्त्रीय नाव तिरप्या ठशात करत नाही, आणि ‘ई. कोलाय’मधलं मोठं अक्षर लहान करून टाकू शकते. हे हातानेच तपासावं लागतं.

आणि गोठ्यात ऐकलेलं? अनुभवी पशुपालकाने सांगितलेली खूण मोलाची असते, पण ती यादीत येत नाही. मजकुरातच कंसात ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून येते, नाव आणि तारखेसह, सांगणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन.

म्हशीला कंस, गाईला नाही

माझी आवडती गंमत ही. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. आपली देशी गाय बॉस इंडिकस लिनेयस, १७५८. शेळी, मेंढी, घोडा यांनाही लिनेयस, १७५८, कंसाशिवाय. म्हैस मात्र बुबॅलस बुबॅलिस (लिनेयस, १७५८), कंसात. कोंबडीही कंसात. का? लिनेयस यांनी म्हशीला गाईच्याच प्रजातीत, बॉसमध्ये घातलं होतं आणि कोंबडीला तितराच्या भाऊबंदांत, फेजियॅनसमध्ये. पुढे दोघींचं घराणं बदललं. प्रजाती बदलली की मूळ नामकर्त्याला कंस, हा प्राणिनामकरणाचा नियम. म्हणजे हे दोन कंस एक आख्खा इतिहास सांगतात. हौसेने ते घालू नयेत आणि गाळूही नयेत.

पशुवैद्यकीतला असाच एक कंस महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १८८० साली पंजाबातल्या डेरा इस्माइल खानला ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने सुर्रा झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी पाहिला. ट्रिपॅनोसोमामुळे रोग होतो हे दाखवणारं ते पहिलं निरीक्षण. त्याला इव्हान्सचं नाव दिलं दुसऱ्या एका लष्करी पशुवैद्याने, पण वेगळ्याच प्रजातीत घालून, स्पायरोकीटा म्हणून. आज तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय (स्टील, १८८५) असा लिहिला जातो. कंसातले हे जॉन हेन्री स्टील पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले.